कबड्डीच्या संघासाठी चुंबकी डावपेच-पाटी कशी बनवावी

टाइमआउट अर्ध्या मिनिटाचा. मुली धापा टाकत कडेला येतात, पाण्याची बाटली फिरते, आणि तेवढ्यात तुम्हाला सांगायचं असतं की समोरची चढाईपटू उजव्या कोपऱ्याकडे झुकून मग एकदम डावीकडे वळते आहे. आम्ही मातीत खेळायचो तेव्हा सर काटकीने जमिनीवर रेघा ओढून दाखवायचे. आता सामने मॅटवर होतात. मॅटवर काटकी चालत नाही, आणि तोंडी सांगितलेलं निम्म्या मुलींपर्यंत पोचत नाही.

म्हणून मी ही पाटी बनवली. पाटीवर मैदान कायमचं छापलेलं, खेळाडूंच्या सोंगट्या चुंबकाने चिकटलेल्या, आणि मार्करने काढलेले बाण हाताने पुसता येणारे. पहिल्या दोन पाट्या वाया गेल्या. तिसरी गेली तीन वर्षं पिशवीत घालून गावोगाव फिरते आहे. सातारा जिल्ह्यातल्या शाळकरी मुलींच्या संघासाठी मी ती केली, म्हणून मापं तशी आहेत. मुलांच्या संघाची मापंही पुढे दिली आहेत. ज्यांना हे पहिल्यांदाच करायचं आहे, त्यांचे पैसे आणि सुट्टीचे दिवस वाचावेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

१. आधी ठरवा: काय पक्कं, काय हलणारं, काय पुसणारं

सामान आणायला जाण्याआधी एक कागद घ्या आणि त्यावर तीन रकाने करा. जे कधीच बदलत नाही ते पहिल्यात: मैदानाच्या रेषा. जे दर चढाईला बदलतं पण नाहीसं होत नाही ते दुसऱ्यात: खेळाडू. जे क्षणभर दाखवून पुसायचं ते तिसऱ्यात: चढाईची वाट, पायाची दिशा, साखळी, म्हणजे हात धरून उभ्या बचावपटूंची रांग, कुठून तुटते ती खूण.

हे अगदी साधं वाटेल, पण माझ्या पहिल्या पाटीची चूक इथेच झाली. मैदानाच्या रेषा मी पर्मनंट मार्करने काढल्या. पहिले चार दिवस पाटी छान दिसत होती. मग निदानरेषा, म्हणजे चढाईपटूला ओलांडावीच लागते ती रेषा, तुटक दिसू लागली. नीट पाहिलं तर ती नेमकी तिथेच उडाली होती जिथे रोज चढाईचे बाण तिला छेदून जायचे. व्हाइटबोर्ड मार्करच्या शाईत जो द्रावक असतो तो खालची पर्मनंट शाईसुद्धा सोडवतो. वरून पुसलं की दोन्ही निघतात. ही युक्ती चुकून लागलेली पर्मनंट शाई काढायला फार उपयोगी आहे. मैदानासाठी मात्र ती घातक. थोडक्यात, पक्क्या रेषा पुसायच्या पृष्ठभागाच्या वर नसाव्यात, त्याच्या खाली असाव्यात. पुढची सगळी रचना या एका गोष्टीवर उभी आहे.

२. माप: एकास वीस

मी १:२० हे प्रमाण धरते, म्हणजे मैदानावरचा एक मीटर पाटीवर पाच सेंटिमीटर. हिशेब तोंडी होतो आणि पाटी एका हातात मावते.

महिला आणि ज्युनिअर मुलींचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असतं. पाटीवर ते ६० बाय ४० सेंटिमीटर होतं. मध्यरेषा बरोबर ३० सेंटिमीटरवर. मध्यरेषेपासून निदानरेषा ३ मीटरवर, म्हणजे १५ सेंटिमीटर. तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, म्हणजे मध्यरेषेपासून २० सेंटिमीटर. अंतिम रेषा ३० सेंटिमीटरवर. दोन्ही बाजूंच्या लॉब्या, म्हणजे कडेच्या लांब पट्ट्या, एकेक मीटरच्या, म्हणजे पाच-पाच सेंटिमीटर; त्या ८ मीटर रुंदीतच मोजायच्या.

पुरुष आणि ज्युनिअर मुलांचं मैदान १३ बाय १० मीटर, पाटीवर ६५ बाय ५०. निदानरेषा ३.७५ मीटरवर, म्हणजे १८.७५ सेंटिमीटर. बोनस रेषा ४.७५ मीटरवर, म्हणजे २३.७५ सेंटिमीटर. लॉबी तेवढीच.

सब-ज्युनिअर गटाचं मैदान ११ बाय ८ मीटर असतं. शाळकरी स्पर्धेत तुमचा संघ कुठल्या गटात खेळणार हे आयोजकांना विचारूनच छपाईला द्या.

इथला सापळा मोठा आहे. इंटरनेटवर कबड्डीच्या मैदानाची आकृती शोधली की बहुतेक वेळा पुरुषांची मिळते. मी तीच छापून घेतली होती. पाऊण मीटरचा फरक म्हणजे काय मोठं, असं मला वाटलं. पण चढाई ग्राह्य धरायला निदानरेषा ओलांडावी लागते, आणि किती पावलांत ओलांडायची हे मुली पाटीवर बघून ठरवत होत्या. मैदानावर त्या एक पाऊल जास्त आत जायच्या आणि कव्हरच्या, म्हणजे आतल्या बाजूच्या बचावपटूंच्या, तावडीत सापडायच्या. चूक त्यांची नव्हती, पाटीची होती.

एकाच पाटीवर दोन्ही मैदानं, एक अखंड रेषेत आणि एक तुटक, असंही काही जण करतात. मी करणार नाही. धापा टाकणाऱ्या मुलीला कुठली रेषा आपली हे शोधायला लावू नये.

३. मैदानाबाहेरची जागा विसरू नका

पाटीचा पूर्ण आकार मी ८० बाय ६० सेंटिमीटर ठेवला. मुलींचं मैदान मध्यभागी बसवलं की चारही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटर उरतात. ही जागा रिकामी सोडायची नाही.

दोन्ही अंतिम रेषांच्या मागे बाद खेळाडूंसाठी एक ते सात आकड्यांची घरं आखा. कबड्डीत खेळाडू ज्या क्रमाने बाद होतात त्याच क्रमाने परत येतात. बाद झालेली सोंगटी घरात क्रमाने ठेवली की पुढचा गुण मिळाल्यावर कोण उठणार हे विचारावंच लागत नाही. बचावात किती जणी उरल्या हेही एका नजरेत दिसतं, आणि तिथेच निम्मे निर्णय होतात: सहा किंवा सात जणी असतील तरच समोरचीला बोनस रेषा ओलांडल्याचा गुण मिळतो, आणि तीन किंवा कमी उरल्या असतील तर यशस्वी पकडीला एक जादा गुण मिळतो.

वरच्या पट्ट्यात गुण आणि उरलेली मिनिटं. खालच्या पट्ट्यात मी फक्त एक वाक्य लिहिते, त्या टाइमआउटचं. एकच.

मुलांच्या मैदानासाठी हीच पाटी घेतली तर टोकांना साडेसात आणि वर-खाली पाच सेंटिमीटर उरतात. तेही पुरतं.

४. सामानाची यादी

पत्र्याच्या दुकानातून: अर्धा मिलिमीटर जाडीचा जीआय, म्हणजे जस्ताचा लेप दिलेला लोखंडी पत्रा, ८० बाय ६० सेंटिमीटर.

सुताराकडून किंवा प्लायवूडच्या दुकानातून: ६ मिलिमीटर वॉटरप्रूफ प्लाय, त्याच मापाचा. हलकी पाटी हवी असेल तर ५ मिलिमीटर सनबोर्ड, म्हणजे फोमची हलकी फळी. कडांना लावायला अॅल्युमिनियमची यू-चॅनेल.

रेडियमवाल्याकडून, म्हणजे गाड्यांच्या नंबरप्लेटी आणि स्टिकर करतो तो: मैदान छापलेलं व्हिनाइल आणि त्यावर व्हाइटबोर्डची पारदर्शक फिल्म.

हार्डवेअरमधून: एसआर प्रकारचा चिकटवण्याचा डिंक, दोन भागांचा एपॉक्सी, थिनर, पॉलिश पेपर, बारीक कानस, जाड हातमोजे.

सोंगट्यांसाठी: १० मिलिमीटर व्यासाचे आणि २ मिलिमीटर जाडीचे निओडिमियम चुंबक वीस, ३ मिलिमीटर अॅक्रिलिकच्या चकत्या, २ मिलिमीटर एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुश्श्याच्या फळीच्या) चकत्या.

शिवाय काळा, निळा आणि लाल व्हाइटबोर्ड मार्कर, आणि चष्मा पुसायला वापरतात तसलं मायक्रोफायबरचं फडकं.

अजून एक गोष्ट: घरातून निघताना खिशात एक चुंबक टाका. दुकानदार काय सांगतो त्यापेक्षा चुंबक काय सांगतो ते ऐका.

५. पत्रा निवडणं आणि कापणं

चुंबक लोखंडाला चिकटतो, पण प्रत्येक चकचकीत पत्रा लोखंडी गुणाचा नसतो. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. दुकानांच्या पाट्यांना वापरतात ते एसीपी बोर्ड अॅल्युमिनियमचेच असतात, तेही बाद. स्वयंपाकघरातली भांडी ज्या ३०४ स्टीलची असतात त्यालाही चुंबक जवळजवळ धरत नाही. आणि स्टेशनरीत मिळणारे स्वस्त व्हाइटबोर्ड बहुधा लाकडी भुश्श्याच्या फळीवर पांढरा थर दिलेले असतात, आत पत्राच नसतो. माझी दुसरी पाटी अशीच गेली. बोर्ड घरी आणला, सोंगट्या लावल्या आणि सगळ्या टपाटप खाली पडल्या. दुकानात "मॅग्नेटिक आहे ना?" असं विचारलं होतं आणि हो म्हणून उत्तर मिळालं होतं. खिशात चुंबक असता तर दोन सेकंदांचं काम होतं.

पत्र्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. अगदी पातळ पत्र्यात चुंबकाची ओढ कमी पडते आणि पत्रा हाताळताना मुडपतो. एकदा मुडपला की ती रेघ कायमची. जाड घेतला तर वजन वाढतं. अर्ध्या मिलिमीटरचा या मापाचा पत्रा साधारण दोन किलोच्या आत भरतो आणि प्लाय धरून पाटी पावणेचार किलोच्या आसपास जाते. प्रवासात हे वजन जाणवतं, म्हणून बाहेरगावी फार फिरणाऱ्यांनी सनबोर्ड घ्यावा.

आठ बाय चार फुटांच्या एका पत्र्यातून ८० बाय ६० च्या बरोबर सहा पाट्या निघतात, कातरण म्हणावं असं काही उरतच नाही. शेजारच्या गावातल्या दोन-तीन संघांना विचारा. मिळून घेतलं तर पत्रा आणि छपाई दोन्ही स्वस्त पडतात.

पत्रा दुकानातल्या कटिंग मशीनवर कापून घ्या. हातकात्रीने कापला तर कड लाटांसारखी होते. कापलेली कड सुरीइतकी धारदार असते, तेव्हा हातमोजे घातल्याशिवाय पत्रा उचलू नका. घरी आणल्यावर चारही कडांवर आणि कोपऱ्यांवर कानस फिरवा, मग पॉलिश पेपर. कडेवरून जुनी सुती चिंधी ओढून बघा. धागा अडकला तर अजून धार आहे.

६. पत्रा फळीवर बसवणं

नव्या पत्र्यावर तेलाचा पातळ थर असतो. तो थिनरने पुसल्याशिवाय काहीही चिकटवू नका. खिडक्या उघड्या ठेवा. जवळपास गॅस, उदबत्ती काही पेटतं नको.

एसआर डिंक दोन्ही बाजूंना लावायचा, पत्र्यालाही आणि प्लायलाही. लावला की लगेच जोडायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोट लावल्यावर डिंक बोटाला न लागता नुसता चिकट जाणवला पाहिजे. मग एका कडेपासून हळूहळू टेकवत जा, कारण एकदा टेकला की सरकत नाही. मी मध्ये दोन पट्ट्या आडव्या ठेवते, पत्रा त्यांच्यावर नीट जुळवते आणि मग एकेक पट्टी काढत दाबत जाते. रात्रभर वर गहू-तांदळाची पोती ठेवली तरी चालतं. सनबोर्ड घेतला असेल तर आधी छोट्या तुकड्यावर डिंक लावून बघा, काही डिंक फोम विरघळवतात.

धरायला मूठ किंवा टांगायला भोक हवं असेल तर ते आत्ताच करून घ्या. व्हिनाइल लागल्यावर ड्रिल चालवलं तर फिल्म भोकाभोवती उचलते.

७. छपाई: सगळ्यात जास्त लक्ष इथे

रेडियमवाल्याला फाइल देताना तीन गोष्टी बजावून सांगा.

पहिली, फाइल शंभर टक्के मापावर छापायची, "पानात बसवा" म्हणून लहान-मोठी करायची नाही. यासाठी फाइलच्या कोपऱ्यात बरोबर दहा सेंटिमीटरची एक रेघ ठेवा. छपाई हातात आली की आधी ती रेघ पट्टीने मोजा. नऊ पूर्णांक सात आली तर प्रिंट परत करा.

दुसरी, मैदानाच्या रेषा फिकट राखाडी हव्यात, काळ्या नव्हेत. रेषा ठळक काळ्या असल्या की वरचे मार्करचे बाण त्यात हरवतात. मैदान सगळ्यांना पाठ असतं, ते नुसतं जाणवलं तरी पुरे. दिसायला हवा तो बाण. रेषेची जाडी दोन मिलिमीटर ठेवा. दोन अर्ध्या भागांना अगदी हलके वेगवेगळे रंग दिले तर बाजू बदलल्यावर गोंधळ होत नाही.

तिसरी गोष्ट वरच्या फिल्मची. इथे बहुतेकांची पाटी बिघडते. दुकानदार चांगल्या हेतूने मॅट लॅमिनेशन सुचवतो, कारण त्यावर उजेड चमकत नाही. पण मॅट पृष्ठभाग खरखरीत असतो, मार्करची शाई त्याच्या बारीक खाचांत बसते आणि पुसल्यावर निळसर सावली उरते. साधं ग्लॉस लॅमिनेशन काही महिने चालतं, मग त्यावरही सावल्या राहू लागतात. व्हाइटबोर्डसाठीच बनवलेली ड्राय-इरेज फिल्म मागा. ती गावात नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी छपाईचं साहित्य विकणाऱ्यांकडे मिळते. चमक हा तिचा दोष आहे, हे खरं. रात्रीच्या सामन्यात दिव्याचा झोत पाटीवर आला तर मुलींना अर्धं मैदान दिसत नाही. त्यावर माझा उपाय एवढाच की पाटी उभी न धरता थोडी खाली कलती धरायची.

फिल्मचा एक छोटा तुकडा आधी घरी आणा. त्यावर तिन्ही रंगांच्या मार्करने रेघोट्या मारून रात्रभर ठेवा आणि सकाळी कोरड्या फडक्याने पुसा. लालची सावली सगळ्यात चिवट असते. ती निघाली तर फिल्म पास.

छपाई आणि फिल्म रेडियमवाल्याकडूनच एकमेकांवर बसवून घ्या. हाताने ते नीट होत नाही. त्यानंतर तो एक थर पत्र्यावर लावायचं काम तुम्ही करू शकता, पण त्याच्याकडे बसवण्याचं कौशल्य आणि प्लास्टिकची पट्टी दोन्ही असतात, तेव्हा त्यालाच थोडे जास्त पैसे देऊन करून घ्या. मी स्वतः लावलं तेव्हा बोनस रेषेवर एक बुडबुडा राहिला. बुडबुडा राहिलाच तर सुईने टोचून हवा बाहेर दाबा.

शेवटी चारही कडांना यू-चॅनेल बसवा. तिने दोन कामं होतात: धार झाकली जाते, आणि कापलेल्या कडेला, जिथे जस्ताचा लेप राहिलेला नसतो, तिथे पावसाळ्यात गंज धरत नाही.

८. सोंगट्या

सोंगटीचा व्यास २.५ सेंटिमीटर ठेवा. १:२० च्या हिशेबाने ते मैदानावर अर्धा मीटर होतात, साधारण खांद्याची रुंदी. त्यामुळे दोन सोंगट्यांमधलं अंतर खरं दिसतं. दोघींनी हात पसरून साखळी धरली तर मध्ये किती फट उरते हे पाटीवर मोजता येतं. मोठ्या सोंगट्या दिसायला बऱ्या, पण सात बचावपटू मांडल्यावर मैदानात वाटच उरत नाही आणि मुलींना वाटतं, चढाईला जागाच नाही.

रचना अशी: खाली २ मिलिमीटर एमडीएफची चकती, तिच्या मध्यभागी चुंबकाच्या मापाचं भोक. वर ३ मिलिमीटर अॅक्रिलिकची चकती. चुंबक भोकात बसतो आणि तळाशी सपाट राहतो. नुसत्या चकतीच्या खाली चुंबक चिकटवला तर सोंगटी डुगडुगते आणि कडेने फिल्मवर ओरखडे काढते. लेझर कटिंगवाला दोन्ही चकत्या एका बैठकीत कापून देतो. तळाला पातळ टेप लावा. जाड फेल्ट लावू नका, कारण चुंबक आणि पत्र्यातलं अंतर थोडं वाढलं तरी ओढ झपाट्याने घटते.

चुंबक एपॉक्सीने बसवा. त्याचा लेप गुळगुळीत असतो, म्हणून चिकटवायच्या बाजूला पॉलिश पेपर अगदी हलका फिरवा, लेप उडेल इतका नाही. ग्लू गन वापरू नका. गरम गोंद गार झाल्यावर सुटतो, आणि साधे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या वर तापले की त्यांची शक्ती कमी होऊ लागते. वितळलेला गोंद त्याहून कितीतरी गरम असतो.

आता दिशा. सगळे चुंबक एकाच तोंडाने बसले पाहिजेत. आणलेले चुंबक एकावर एक चिकटवून त्यांचा मनोरा करा. मनोऱ्यात सगळ्यांची वरची बाजू एकच असते. एकेक चुंबक वरून सरकवून काढा आणि त्याच्या वरच्या बाजूला मार्करचा ठिपका द्या. ठिपका नेहमी वर, म्हणजे अॅक्रिलिककडे. माझ्या पहिल्या संचात डाव्या इनचा, म्हणजे कोपऱ्याशेजारच्या बचावपटूचा, चुंबक उलटा बसला होता. कोपरा आणि इन यांची साखळी दाखवायला दोन्ही सोंगट्या जवळ आणल्या की त्या टक्कन एकमेकींना चिकटायच्या आणि एक उलटी व्हायची. सगळ्यांची तोंडं सारखी असली की त्या बाजूबाजूला आल्यावर उलट किंचित दूर सरतात, आणि बोटाने सहज हव्या त्या जागी बसवता येतात.

आपल्या संघाच्या सोंगट्या गोल, समोरच्यांच्या चौकोनी. नुसत्या रंगावर अवलंबून राहू नका. संध्याकाळच्या उजेडात निळा आणि हिरवा एकच दिसतात आणि काहींना लाल-हिरव्यातला फरक मुळातच कळत नाही. चढाईपटूची सोंगटी मात्र थेंबाच्या आकाराची करा, टोक म्हणजे तिचं तोंड. चढाईपटू कुणाकडे वळली आहे आणि पाठ कुणाकडे आहे यावरच पकड करायची की थांबायचं ते ठरतं.

सोंगटीवर नंबर छापू नका. वरच्या चकतीवर त्याच ड्राय-इरेज फिल्मचा तुकडा लावा आणि दर सामन्याआधी मार्करने नंबर किंवा नावाचं पहिलं अक्षर लिहा. संघ बदलतो, जागा बदलतात, सोंगट्या त्याच राहतात.

संच पूर्ण व्हायला सात गोल, सात चौकोनी, दोन थेंब आणि चार जादा. जादा लागतातच.

९. लहान मुलांपासून जपा

हे वाचून पुढे जाऊ नका, थांबा. सरावाला मुलींसोबत त्यांची लहान भावंडं येतात. सुटलेला छोटा चुंबक गोळीसारखा दिसतो. एक चुंबक पोटात गेला तरी धोका असतो, पण दोन गेले तर ते आतड्याच्या दोन भिंतींमधून एकमेकांना ओढतात आणि आतडं चिमटून भोक पडू शकतं. पोटदुखीची वाट न बघता लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायचं, घरगुती उपाय करायचे नाहीत. दर सरावानंतर सोंगट्या मोजून डब्यात ठेवा, हलणारा चुंबक दिसला तर ती सोंगटी त्याच दिवशी बाजूला काढा. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांच्या छातीजवळ हे चुंबक नेऊ नका, वीतभर अंतर असू द्या.

शिशुवर्गातल्या मुलांसाठी अशी पाटी करणार असाल तर निओडिमियम वापरूच नका. रबरी चुंबकाच्या शीटमधून मोठ्या आकृत्या कापा. त्यांची ओढ कमी असते, पण वर्गात भिंतीवर टांगलेल्या पाटीला तेवढी पुरते.

१०. चाचणी

पाटी उभी धरा, सगळ्या सोंगट्या लावा आणि जोरात दोन-तीनदा हलवा. एकही घसरली नाही पाहिजे. मग एका बोटाने सोंगटी ढकला. ती उचलावी न लागता सरकली पाहिजे. घसरते आहे तर चुंबक कमकुवत किंवा थर जाड. ढकलायला नख लावावं लागतं तर चुंबक जास्त जोरकस, तळाला टेपचा आणखी एक थर द्या.

नंतर पाटी दोन मीटरवर ठेवून मैदानावरच्याच उजेडात बघा. घरातल्या ट्यूबलाइटखाली सगळंच छान दिसतं.

११. घाई असेल तर

स्पर्धा पुढच्या आठवड्यात आहे आणि एवढं सगळं होणार नाही, तर दोन बाय तीन फुटांचा तयार चुंबकी व्हाइटबोर्ड घ्या, अर्थात खिशातला चुंबक लावून बघून. रेडियमवाल्याकडून दोन मिलिमीटर रुंदीच्या राखाडी पट्ट्या कापून घ्या आणि मैदान त्यांनी आखा. पट्ट्यांच्या कडांना शाई साचते आणि सोंगट्या अडखळतात, तरी एक हंगाम निघतो. सोंगट्यांसाठी स्टेशनरीतले रंगीत गोल चुंबक.

१२. वापर आणि निगा

लिहिलेलं रात्रभर ठेवू नका. फडकं कोरडं वापरा; आठवड्यातून एकदा सॅनिटायझर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसा. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर फिल्मची चमक खातात. मार्कर आडवे ठेवा, टोक वर करून उभे ठेवले तर शाई खाली बसते आणि ऐन वेळी फिकं लिहितात. उन्हात बंद गाडीत पाटी सोडू नका, व्हिनाइल फुगतं.

पाटी हातात घेऊन एकट्यानेच बोलत राहायचा मोह होतो. मीही पहिलं वर्ष तसंच केलं. आता सराव संपल्यावर पाटी जमिनीवर ठेवते आणि ज्या मुलीची चूक झाली तिलाच सोंगट्या मांडायला सांगते. गेल्या महिन्यात आमची डावा कोपरा खेळणारी मुलगी बराच वेळ पाटीकडे बघत बसली. तीन सामन्यांत तिचा घोटा-पकडीचा प्रयत्न हुकला होता आणि मी प्रत्येक वेळी तिला वेळ चुकली असंच सांगत होते. तिने थेंबाची सोंगटी बोनस रेषेवर आणली, टोक उजवीकडे वळवलं, मग आपली गोल सोंगटी बोटाने अंतिम रेषेकडे अर्धा सेंटिमीटर मागे ढकलली. "बाई, मी इथं उभी राहते," ती म्हणाली, "म्हणून तिला माझा पाय दिसतो."

अर्धा सेंटिमीटर, म्हणजे मैदानावर दहा. दुसऱ्या दिवशी सरावाला ती तेवढीच मागे उभी राहिली.